मुंबई–लिव्हरपूल: विमानभाडं आवाक्यात आलं ते असं

लक्षण: ‘मुंबई ते लिव्हरपूल’ शोधलं की दोन-दोन थांबे आणि डोळे पांढरे करणारं भाडं. तारखा हलवल्या, मोबाइल बदलून पाहिला, ढिम्म. मग ॲम्स्टरडॅमपर्यंत एक आणि पुढे स्वस्त कंपनीचं दुसरं, अशी सुटी तिकिटं जुळवली. पैसे भरणार तोच लक्षात आलं, की मध्ये बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) हवा. तीन रात्री पाण्यात.

चाललं ते हे. आधी लिव्हरपूल खोडून मँचेस्टर टाकलं. आखातात एकच थांबा, सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे बॅग थेट मँचेस्टरला. मग विमानतळाच्याच स्टेशनवरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटची थेट गाडी, तास-सव्वा तास.

रेल्वेच्या तिकिटात एक मेख आहे. ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त, पण ठरलेल्या गाडीलाच चालतं. विमानाला उशीर झाला की वाया. म्हणून पोचायच्या दिवशी उतरल्यावर ‘ऑफ-पीक’ काढलं (हे गर्दीच्या वेळा सोडून चालतं), परतीचं मात्र आधीच ‘ॲडव्हान्स’.

लाइम स्ट्रीटहून 1846 सालचा अल्बर्ट डॉक, म्हणजे बंदराचा जुना धक्का, पायी वीसेक मिनिटं. आईच्या लाडवांची बॅग ओढत तीस.