सीनेचा पूर ओसरल्यावर पंचनामा पक्का कसा करून घ्यावा

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांचा नदीकाठ उद्ध्वस्त केला. स्थानिक पावसाच्या जोडीला सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी प्रकल्पांतून सोडलेले पाणी एकत्र आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करालाही बचावासाठी पाचारण करावे लागले. पुढे 7 ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मात्र जाहीर झालेली मदत आपल्या खात्यापर्यंत येते ती गावातील पंचनाम्याच्या आधारे, आणि तो कच्चा राहिला तर खऱ्या नुकसानग्रस्ताचेही नाव यादीतून गळते. म्हणून पाणी ओसरताच साफसफाईला हात घालण्याआधी पुरावा जपावा, एवढेच या लेखातून कळकळीने सांगायचे आहे.

पाणी चढत असताना अर्थातच जीव वाचवणे हेच पहिले काम. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आपत्कालीन मदतीचा 112 हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. सातबारा, आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत न्यावीत.

परत आल्यावर घराच्या भिंतीवर पाणी जिथवर चढले होते तिथे खडूने रेघ ओढावी, शेजारी पाणी शिरल्याची व उतरल्याची तारीख आणि वेळ लिहावी, आणि रेघेजवळ माणूस उभा करून छायाचित्र घ्यावे. वेळेची ही नोंद महत्त्वाची आहे, कारण केंद्र शासनाच्या 2022 ते 2026 या कालावधीच्या निकषांनुसार घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये प्रतिकुटुंब मिळतात. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला याच निकषांत 1 लाख 20 हजार रुपयांची तरतूद आहे. घर अंशतः पडले असेल तर रक्कम फारच कमी असते, त्यामुळे ढासळलेल्या भिंतीचा मलबा उचलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे आवश्यक आहे.

शेतीच्या बाबतीत सर्वाधिक दक्षता घ्यावी लागते, कारण येथे नुकसानीचे प्रकार वेगवेगळे असून प्रत्येकाचा दर निराळा आहे. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच ते मदतीस पात्र ठरते. त्यासाठी याच निकषांत जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असा दर आहे. जमिनीच्या नुकसानीचा हिशोब याहून स्वतंत्र आहे. रानात गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपये आणि नदीने पात्र बदलून जमीनच खरडून नेली असेल तर हेक्टरी 47,000 रुपये मिळतात. केंद्राचे हे दोन्ही दर अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी) आहेत. गाळाचा थर तीन इंचांहून जाड असावा लागतो. तेव्हा ट्रॅक्टर घालण्यापूर्वी बांधाजवळ, रानाच्या मध्यावर आणि ओढ्याच्या बाजूला गाळात फूटपट्टी उभी खोचून छायाचित्रे घ्यावीत. ज्वारीच्या पेरणीची घाई प्रत्येकालाच असते आणि ती रास्तही आहे, तरीही एवढा अर्धा तास द्यावाच.

पंचनाम्यासाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. (पदांची नवी नावे आली असली तरी गावात अजून हीच चालतात.) त्यांच्याबरोबर स्वतः किंवा घरातील जाणत्या माणसाने रानात जावे. गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पीक आणि नुकसानीचा प्रकार वाचून पाहिल्याशिवाय सही करू नये. जमीन खरडली असताना कागदावर केवळ पिकाचे नुकसान नोंदले जात असेल, तर तिथेच हरकत घ्यावी. सातबाऱ्यावर सामाईक खाते असल्यास सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आधीच तयार ठेवावे. भावकीतील जुन्या वादापायी पैसे अडकून पडणे हे पुराइतकेच दुःखदायक आहे.

जनावर दगावले असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय पुरू नये. कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक वाचता येईल असे जवळून छायाचित्र घ्यावे. वरील निकषांनुसारच दुभत्या गाई-म्हशीला 37,500 आणि ओढकामाच्या बैलाला 32,000 रुपये मिळतात. जनावर वाहूनच गेले असल्यास सरपंच आणि शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घेण्याचा आग्रह धरावा.

यानंतर बाधितांची यादी चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत लागते का, याकडे लक्ष ठेवावे. नाव नसेल किंवा क्षेत्र कमी लागले असेल तर तहसीलदारांच्या नावे छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी, कारण तोंडी सांगितलेले कुणाच्याही ध्यानात राहत नाही. यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक (मदतीसाठी प्रत्येक लाभार्थ्याला दिलेला ओळख क्रमांक) आला असल्यास आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करून घ्यावे, आणि खाते आधारशी जोडलेले व चालू असल्याची बँकेत खात्री करावी. मदतीची रक्कम कर्जापोटी वळती करू नये, असे शासन निर्णयांत बँकांना बजावलेले असते. तरीही कपात झाली, तर पासबुकाची नोंद आणि शासन निर्णयाची प्रत जोडून तहसीलदार व जिल्हा अग्रणी बँकेकडे (जिल्ह्यातील बँकांच्या कामात समन्वय ठेवणाऱ्या बँकेकडे) त्याच आठवड्यात तक्रार द्यावी.