नव्या चित्रकाराचं पहिलं प्रदर्शन लावताना

वडिलांचं पुण्यात फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, मधूनच एखादं निसर्गचित्र. त्याच्याच मागच्या खोलीत मी गॅलरी काढली तेव्हा घरचे हसले. मला धीर होता तो मुंबईचे गॅलरीवाले केकू गांधी यांचा, कारण तेही मूळचे फ्रेमवालेच. १९४१ मध्ये त्यांनी मुंबईत केमोल्ड ही फ्रेमची कंपनी काढली. पुढे हुसेन, आरा, रझा यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांची चित्रं आपल्या शोरूममध्ये लावली. त्यांची गॅलरी केमोल्ड मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर आली ती १९६३ मध्ये. त्यामुळे पहिल्या वर्षी भाडं सुटलं नाही म्हणून कुलूप लावू नका.

चित्रकार ठरवायचा असेल तर त्याच्या घरी जा. मोबाइलवरचे फोटो बघून होकार देऊ नका. पलंगाखाली, कपाटामागे ठेवलेली चित्रं काढायला सांगा. बऱ्याचदा खरं काम तिथंच असतं. वीस-बावीस चित्रं चांगली असली तरी माझ्या खोलीत बाराच लागतात. उरलेली का नाहीत, हे त्याला तोंडावर सांगायला लागतं. तो दोन दिवस रुसतो. रुसू द्या.

मग कागद करा. कमिशन किती (साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा), फ्रेमचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत. किंमत घरी एक आणि गॅलरीत एक असं चालणार नाही, हेही लिहून घ्या. किंमत पहिल्यांदा कमीच ठेवा. नंतर वाढवता येते, उतरवली की आधी घेतलेला माणूस दुखावतो. चित्र विकलं तरी छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, वेगळा लिहून दिला नसेल तर. दिवाळीच्या भेटकार्डांचा विषय निघतो तेव्हा हे गिऱ्हाइकाला सांगणं तुमचं काम.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या किंचित खाली ठेवा. आपल्याकडे तसबीर उंच लावायची सवय आहे, मान वर करून नमस्कार करायला. चित्राला नमस्कार नको, नजर हवी. कागदावरचं काम काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. एका जुलैत मी सहा जलरंग बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावले. पंधरा दिवसांत दोन चित्रांवर बुरशी. चूक सगळी माझी. दोन्ही चित्रांची पूर्ण किंमत मी भरली. आता पावसाळ्यात तिथं काहीच लावत नाही, आणि प्रत्येक फ्रेममागे बुचाचे तुकडे चिकटवते, म्हणजे हवा खेळते.

सगळ्यात अवघड प्रश्न येतो तो अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या, चित्रासमोर: ‘हे नक्की काय आहे हो?’ सुरुवातीला मी भाषण द्यायचे. आता खुर्ची पुढे करते. पाच मिनिटं बसा म्हणते आणि आत चहा सांगायला जाते. परत येईपर्यंत माणूस स्वतःच काहीतरी सांगायला लागलेला असतो, ‘हा कोपरा ओल आल्यासारखा वाटतो’ वगैरे. तिथून बोलणं पुढे न्यायचं. काही जण अमूर्त चित्रकार गायतोंडे यांच्या चित्रांचे लिलावातले कोटींचे आकडे वाचून येतात आणि ‘याचीही किंमत वाढेल ना?’ विचारतात. ‘माहीत नाही’ म्हणा. तेच खरं आहे.

कलाशाळेतली मुलं काही विकत घेत नाहीत, पण त्यांना एक सकाळ राखून ठेवा. चित्रकाराला त्यांच्यासमोर बसवा. तो उद्घाटनाच्या भाषणात जे बोलत नाही ते इथं बोलतो.

शेवटच्या दिवशी वहीत प्रत्येक चित्राचं नाव, माध्यम, माप, साल आणि कुणाकडे गेलं ते लिहा, फोटोसकट. दहा वर्षांनी कुणी तेच चित्र घेऊन आलं तर ते अस्सल की नक्कल, हे त्या वहीवरून कळतं. चित्रकाराचे पैसे त्याला मागायला लावू नका. न विकलेली चित्रं परत पोचवताना टेम्पोचं भाडं तुमचं. आणि टेम्पोत ती उभी ठेवा, मध्ये पुठ्ठा घालून.