ऑनलाइन व्यवसायासाठी निधी उभारताय? या चुका टाळा

गुंतवणूकदाराच्या "किती पैसे हवेत?" या प्रश्नाला "जेवढे मिळतील तेवढे" असं उत्तर दिलं की बोलणं तिथेच थंडावतं. आधी पैशातून काय सिद्ध करायचं ते ठरवा, रक्कम त्यावरून निघते. महिन्याला 500 ऑर्डर आणि त्यातल्या निम्म्या जुन्या ग्राहकांच्या, असं उद्दिष्ट असेल तर तिथवर पोहोचायला किती महिने लागतील ते मांडा.

दरमहा 3 लाख जातात आणि 1 लाख येतात, म्हणजे 2 लाख जळतात. बँकेत 12 लाख असतील तर गाडी सहा महिने चालेल. पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, पैसे काही दिवसांनी हातात येतात, त्यामुळे 'येतात' यात खात्यात खरोखर जमा झालेली रक्कमच धरा. निधी मिळायलाही बरेचदा सहा महिने लागतात. दोन-तीन महिन्यांचे पैसे उरल्यावर निधी मागायला निघालात, तर समोरच्याला तुमची निकड कळते आणि अटी कडक होतात.

एका ऑर्डरचा हिशेब अर्धवट ठेवणं

गुंतवणुकीच्या चर्चा सगळ्यात जास्त इथेच फिसकटतात. 1000 ची ऑर्डर घ्या. माल 450, पाठवणी 100, गेटवे 25, जाहिरात 300. उरले 125. सादरीकरणात हाच आकडा झळकतो.

आता 100 ऑर्डरी धरा आणि त्यातल्या 20 परत आल्या असं समजा. विक्री उरली 80,000. परत आलेला माल पुन्हा विकता येत असेल तर मालाचे 36,000. पाठवणी 10,000, परतीची 2,000. जाहिरातीचे 30,000 तर पूर्णच गेले. गेटवेचे 2,500 सुद्धा, कारण परताव्यावर शुल्क बहुधा परत मिळत नाही. एकूण खर्च 80,500. कागदावर 12,500 चा नफा होता, प्रत्यक्षात 500 चा तोटा आहे.

अशा वेळी जाहिरातीसाठी निधी मागू नका, तोटाच वाढेल. आधी परत आलेल्या प्रत्येक ऑर्डरचं कारण लिहा: माप चुकलं, फोटोत रंग वेगळा होता, उशीर झाला, माल फुटला. बहुतेकदा एक-दोन कारणांतच मोठा भाग सापडतो आणि मापाचा तक्ता किंवा खोकं बदलणं हे निधीपेक्षा स्वस्त पडतं.

सेफवर सेफ चढवत जाणं

सेफ म्हणजे आज पैसे घेऊन गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत शेअर देण्याचा करार. नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने तो 2013 मध्ये आणला आणि 2018 मध्ये त्याची पोस्ट-मनी आवृत्ती काढली, ज्यात कंपनीची किंमत सेफचे पैसे धरून मोजतात. कागद छोटा असतो, म्हणून लोक हिशेब न करता सह्या करतात. कॅप म्हणजे वाटा काढताना धरायच्या कंपनीच्या किमतीची कमाल मर्यादा. 1 कोटीच्या कॅपवर 10 लाख घेतले, म्हणजे 10 टक्के गेले. मग दीड कोटीच्या कॅपवर 15 लाख, मग 2 कोटींच्या कॅपवर 20 लाख. पोस्ट-मनी सेफ एकमेकांचा वाटा कमी करत नाहीत, तो भार संस्थापकांवर पडतो. तीन सेफमध्ये 30 टक्के गेले. पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराला 20 टक्के दिले तर संस्थापकांकडे 56 उरतात, तेही कर्मचाऱ्यांचा नवा वाटा काढण्याआधी. प्रत्येक सहीपूर्वी भागधारणेचा तक्ता नव्याने मांडून पाहा.

संस्थापकांचे शेअरही पहिल्या दिवशी पूर्ण वाटून टाकू नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच नाही, ही रूढ पद्धत आहे. नाहीतर चौथ्या महिन्यात सोडून गेलेला भागीदार निम्मा मालक म्हणून तक्त्यात राहतो आणि तो तक्ता पाहून गुंतवणूकदार मागे हटतो.

मदतीचीही किंमत असते

घरच्यांकडून किंवा मित्रांकडून पैसे घेतलेत तर ते कर्ज की हिस्सा, व्यवसाय बुडाला तर काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. संकोच वाटतो खरा, पण न लिहिल्याने नाती तुटतात. सल्लागाराला पाव ते एक टक्का, तोही दोन वर्षांत टप्प्याने द्या. दोन फोनांसाठी पाच टक्के देऊन बसू नका. क्लाउडच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या, मोफत क्रेडिटची मुदत संपली की पूर्ण बिल येतं, ते आत्ताच खर्चात धरा. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या मंचावर ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर काहीच हाती येत नाही आणि जमली तर 5 टक्के शुल्क कापलं जातं, पेमेंटचं वेगळं. त्यामुळे लक्ष्य ठरवताना बनवण्याचा आणि पाठवण्याचा खर्चही त्यात घाला.

गुंतवणूक मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ फी मागितली, तर तिथून निघा.

पैसे खात्यात येण्याआधी कागद तपासले जातात, तेव्हा नेहमी अडतं ते असं: डोमेन मित्राच्या नावावर, गेटवेचं खातं संस्थापकाच्या वैयक्तिक नावाने, कोड फ्रीलान्सरने लिहिलेला पण त्याचे हक्क कंपनीला दिल्याचा करारच नाही. फ्रीलान्सरकडून ही सही शेवटचा हप्ता देण्याआधीच घ्या. नंतर तो फोन उचलेलच असं नाही.