अमेरिकेतल्या नास्तिक उमेदवाराला मदत करायचीय? राज्याच्या विधिमंडळापासून सुरुवात करा

अमेरिकेत राहणारी, देवधर्म न मानणारी मराठी मंडळी निवडणुकीचा विषय निघाला की थेट वॉशिंग्टनकडे बघतात. हाताशी वेळ आणि पैसा बेताचाच असेल तर तिकडे जाऊ नका. शाळेत विज्ञान कसं शिकवायचं, धार्मिक शाळांना सरकारी पैसा द्यायचा का, गर्भपाताचे नियम काय असावेत, हे बरंचसं राज्याच्या विधिमंडळात ठरतं. शिवाय तिथले मतदारसंघ आवाक्यातले असतात. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात 400 सदस्य आहेत. एका सदस्यामागे जेमतेम साडेतीन हजार माणसं, आणि मानधन वर्षाला 100 डॉलर. उलट कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये 40 जागा, एकेक मतदारसंघ जवळपास दहा लाखांचा. पहिल्या ठिकाणी चार शनिवार दारोदार फिरलात तर निकाल हलू शकतो. दुसऱ्या ठिकाणी तुमचा चेक आला काय, न आला काय.

कामाला लागायचं ते प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, आधी. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाकडे झुकलेले असतात, त्यामुळे खरी लढत पक्षांतर्गतच होते आणि तिथं मतदानही कमी होतं. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षी होतात, हे पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही. व्हर्जिनियात कनिष्ठ सभागृहाच्या प्रायमरीत उतरायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या 125 सह्या लागतात. 200 तरी गोळा करा. शेजारच्या मतदारसंघातला माणूस, नोंदणी नसलेला माणूस, जुना पत्ता लिहिणारा माणूस अशी गळती ठरलेली असते. सह्या घ्यायला उभं राहायचं तर मॉलपेक्षा त्याच मतदारसंघातलं वाचनालय बरं.

उमेदवार ‘उघडपणे’ नास्तिक आहे का, हे त्याच्याच तोंडून किंवा लेखणीतून खात्री करून घ्या. नेब्रास्काच्या विधिमंडळातले अर्नी चेंबर्स आणि 2018 साली निवडून आलेल्या मेगन हंट यांनी हे जाहीरपणे सांगितलं. ॲरिझोनात आमदार हुआन मेंडेझ यांनी 2013 साली सभागृहाच्या प्रार्थनेच्या वेळी, माना खाली घालू नका, असं सांगून आपली भूमिका मांडली. खासगी गप्पांत कुणी ‘मी काही देव मानत नाही’ म्हणालं, एवढ्यावर त्याचं नाव ग्रुपमध्ये टाकायचं नाही. कधी सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शोध घ्यायचा तर फ्रीथॉट इक्वॉलिटी फंड ही 2013 पासूनची राजकीय समिती अशा उमेदवारांना पाठिंबा देते. तिची यादी हाताशी ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. उमेदवाराची घरबांधणी, रस्ते, शाळा यांवरची मतं वाचा. नुसता नास्तिक आहे म्हणून मत द्यायचं, तर मग जातीवर मत देणाऱ्याला नावं कशाला ठेवायची?

‘नास्तिकाला पदच घेता येत नाही’ असं कुणी ठासून सांगेल. टेक्सास, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना अशा काही राज्यांच्या घटनांत तसा मजकूर आजही छापलेला आहे, पण तो लागू करता येत नाही. 1961 साली टॉर्कासो विरुद्ध वॉटकिन्स खटल्यात, देवावर श्रद्धा असल्याचं जाहीर करायला नकार दिल्यामुळे नोटरीपद नाकारलेल्या मेरीलँडच्या गृहस्थाच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. अर्जाच्या फायलीत या निकालाची प्रत असू द्या.

आता पैसा. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. देणगी देऊ शकतात ते फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक. एचवनबी, एचफोर, एलवन, एफवन यांपैकी कोणत्याही व्हिसावर असाल तर एक डॉलरही नाही. संघराज्याचा हा कायदा राज्याच्या आणि गावाच्या निवडणुकांनाही लागू आहे. बायको नागरिक आणि नवरा एचवनबीवर असेल तर बायकोनं स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या नावानं द्यावं. नवऱ्याचे पैसे तिच्या नावावर फिरवणं हा वेगळा गुन्हा आहे. फोन करणं, दारोदार जाणं, पाकिटं भरणं अशी बिनपगारी मदत व्हिसावाल्यांनाही चालते, मात्र प्रचाराचे निर्णय घेणाऱ्यांत त्यांनी बसायचं नाही. आणि एक बारीक गोष्ट: स्वयंसेवकांसाठी चाळीस वडापाव आणले आणि बिल आपल्या खिशातून भरलं, तर तीही वस्तुरूपातली देणगी धरली जाऊ शकते. व्हिसावाल्यांनी पाहुणचाराचा मोह आवरावा आणि बिल प्रचाराच्या खजिनदाराकडे जाऊ द्यावं.

देणगीची मर्यादा राज्यागणिक बदलते (व्हर्जिनियात मर्यादाच नाही), म्हणून राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा. देणगीदाराचं नाव, पत्ता, व्यवसाय, मालक-कंपनी ही माहिती ठराविक रकमेनंतर सार्वजनिक होते. घरी किंवा नोकरीच्या ठिकाणी अजून सांगितलं नसेल, तर नास्तिकांच्या समितीऐवजी थेट उमेदवाराला द्या. नाव तिथंही दिसेल, पण त्यावरून तुमची श्रद्धा कुणी काढणार नाही.

महाराष्ट्र मंडळाला यात ओढू नका. आपलं मंडळ 501(सी)(3) या कलमाखाली करमुक्त असेल, तर त्याला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. मंडळाची ईमेल यादी नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही, गणेशोत्सवाचा माईक नाही. करसवलतच जाऊ शकते. मतदार नोंदणीचं टेबल किंवा सगळ्या उमेदवारांना बोलावून चर्चा, हे निःपक्षपातीपणे केलं तर चालतं. उमेदवारानं गणपतीला पाहुणा म्हणून यायला काहीच हरकत नाही; मोदक खावेत, लोकांना भेटावं. आरतीचं ताट हातात देऊन त्याचा फोटो मात्र काढू नका. विरोधक त्याला ढोंगी म्हणतील आणि समर्थकही बुचकळ्यात पडतील.

दारोदार फिरण्याची यादी प्रचार कार्यालय देतं. डेमोक्रॅटिक प्रचारात ती बहुधा मिनीव्हॅन ॲपवर येते. तासाला पंधरा-वीस दारं होतात, त्यातली बहुतेक उघडतच नाहीत. पत्रक दाराच्या मुठीला अडकवा. टपालपेटीत टाकणं संघराज्याच्या कायद्यानं मना आहे. उत्तराची नोंद 1 ते 5 अशी करतात, 1 म्हणजे पक्का पाठिंबा. ‘बघू, विचार करते’ याला 1 देऊ नका, 3 द्या. या नोंदींवरूनच शेवटच्या दिवसांत कुणाला मतदानाला काढायचं ते ठरतं. नोंदी गोड केल्या तर विरोधकाचे मतदार तुम्हीच घराबाहेर काढाल.

‘तो देव मानतो का?’ असं कुणी विचारलं तर खोटं बोलू नका आणि वादही घालू नका. ‘नाही मानत, आणि ते त्यांनी आधीच सांगितलंय. तुमच्या शाळेच्या बसचा प्रश्न त्यांनी हातात घेतलाय, त्याबद्दल सांगू का?’ एवढं पुरतं. विषय परत रस्त्यावर, शाळेवर आणायचा. श्रद्धेची टिंगल करणारी तुमची जुनी मीम्स प्रचारात उतरण्यापूर्वी काढून टाका. उमेदवाराच्या माथी तीच मारली जातात.

हल्ला शेवटच्या आठवड्यात येतो. 2008 साली नॉर्थ कॅरोलायनात अमेरिकी सिनेटच्या निवडणुकीत एलिझाबेथ डोल यांनी प्रतिस्पर्धी के हेगन यांच्यावर नास्तिकांशी संबंधाची जाहिरात ऐन शेवटी सोडली. हेगन स्वतः चर्चला जाणाऱ्या; त्यांनी लगेच उत्तर दिलं आणि निवडूनही आल्या. तुमच्या उमेदवाराला ‘मी तसा नाहीच’ हे उत्तर उपलब्ध नाही, म्हणून तयारी महिनाभर आधी हवी. मतदारसंघातले चार आस्तिक शेजारी, जमल्यास एखादा पाद्री, यांची पाठिंब्याची पत्रं त्यांच्या सहीनिशी तयार ठेवा आणि जाहिरात आली की त्याच दिवशी स्थानिक वर्तमानपत्राकडे पाठवा.

निवडून आल्यावर शपथेऐवजी प्रतिज्ञा घेता येते, पुस्तकावर हात ठेवण्याची सक्ती नसते. सभागृहाच्या कार्यालयाला हे आधी लेखी कळवा, म्हणजे ऐन वेळी बायबल पुढे येत नाही. सत्राच्या सुरुवातीची प्रार्थना मात्र न्यायालयातून थांबेल अशी आशा धरू नका: चेंबर्स यांनीच नेब्रास्काच्या पगारी धर्मगुरूविरुद्ध दावा लावला होता आणि 1983 साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. प्रार्थनेची आपली पाळी मागून घ्यायची आणि दोन मिनिटांचं भाषण लिहून न्यायचं, हा मार्ग जास्त चालतो.