पूलची बहु-इव्हेंट स्पर्धा जमली की नाही, हे मॅच स्लिपवरून कसं ठरवायचं

पूल म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये पाडायचा खेळ. स्पर्धा संपली की आयोजक तीन गोष्टी सांगतात: एन्ट्री किती आल्या, बक्षीस किती वाटलं आणि फायनलला किती गर्दी जमली. एकाच प्रकाराची स्पर्धा असेल तर एवढ्यावरून थोडाफार अंदाज येतो. पण एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल हे पूलचे प्रकार आणि जोडीला महिला गट असं सगळं एकत्र बसवलं असेल, तर हे तीन आकडे फसवतात. अशा स्पर्धेत बिघाड सहसा एखाद्या इव्हेंटच्या आत होत नाही, तो दोन इव्हेंटच्या सांध्यावर होतो. एकच खेळाडू दोन ड्रॉमध्ये (सामन्यांच्या तक्त्यांत) जिवंत असतो, नाइन-बॉलच्या टेबलावर अडकतो आणि तिकडे एट-बॉलचा प्रतिस्पर्धी तासभर क्यू हातात धरून बसतो. तेव्हा प्रत्येक इव्हेंटला वेगळे गुण देऊन त्यांची बेरीज करू नका. सांधे तपासा, आणि ते दिसतात फक्त मॅच स्लिपवर, म्हणजे प्रत्येक सामन्याच्या नोंदीच्या चिठ्ठीवर.

स्लिपवर काय हवं

इव्हेंट आणि फेरी, टेबल नंबर, ड्रॉमध्ये जाहीर केलेली वेळ, नाव पुकारल्याची वेळ, पहिल्या ब्रेकची (सुरुवातीच्या फटक्याची) वेळ, शेवटचा बॉल पडल्याची वेळ आणि स्कोअर. शिवाय एक छोटा रकाना उशिराच्या कारणाचा. वेळा खेळाडूंना लिहायला लावू नका, हरलेला खेळाडू स्लिप टेबलावर टाकून निघून जातो. कंट्रोल टेबलवरच्या माणसाने भिंतीवरच्या एकाच घड्याळावरून लिहायच्या. दोन जणांनी आपापल्या मोबाईलवरून वेळा टाकल्या, तर बऱ्याचदा एक जण पुकाऱ्याची वेळ लिहितो, दुसरा ब्रेकची, आणि मग आकडे जुळत नाहीत.

कारणासाठी एकेक अक्षर पुरतं. खेळाडू उशिरा आला तर ‘उ’, तो दुसऱ्या इव्हेंटमध्ये खेळत होता तर ‘दु’, टेबल मोकळं नव्हतं तर ‘टे’, रेफरी नव्हता तर ‘रे’, वाद चालू होता तर ‘वा’.

आधी बघा, वेळापत्रक मुळात शक्य होतं का

हा हिशोब स्पर्धेआधीच व्हायला हवा. केला नसेल तर नंतर तरी करा, नाहीतर चुकीच्या माणसावर खापर फुटतं.

उदाहरण घेऊ. नाइन-बॉलला ३२ खेळाडू, डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाद), रेस टू ७ (आधी ७ रॅक, म्हणजे डाव, जिंकेल तो विजयी). डबल एलिमिनेशनमध्ये सामने होतात खेळाडूंच्या दुपटीतून दोन वजा, म्हणजे ६२. फायनल पुन्हा खेळावी लागली तर ६३. एट-बॉलला ३२ खेळाडू, नॉकआउट, रेस टू ५: ३१ सामने. टेन-बॉलला १६ खेळाडू, नॉकआउट, रेस टू ६: १५ सामने. एकूण १०८.

आता वेळ. क्लबच्या दर्जाच्या खेळात नाइन-बॉलचा रॅक साडेसहा मिनिटं, एट-बॉलचा नऊ आणि टेन-बॉलचा आठ धरला, तर सामना अनुक्रमे ७०, ७२ आणि ७५ मिनिटांचा होतो. पुकारा, सराव आणि टेबल पुसणं यासाठी प्रत्येकी १० मिनिटं वाढवा. नाइन-बॉलचे ८३, एट-बॉलचे ४२ आणि टेन-बॉलचे २१ मिळून साधारण १४६ टेबल-तास लागतात. सहा टेबलं सकाळी १० ते रात्री १० चालवली तर दिवसाला ७२ मिळतात, दोन दिवसांत १४४. म्हणजे एकही मिनिट वाया न घालवताही हा कार्यक्रम शनिवार-रविवारात बसत नाही! शिवाय शेवटच्या फेऱ्यांत सामनेच दोन-तीन उरतात आणि बाकीची टेबलं रिकामी राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात ७५ टक्के वापर मिळाला तरी तो चांगला समजावा. त्या हिशोबाने तीन दिवस लागतात. असं वेळापत्रक दोन दिवसांत कोंबलं असेल, तर पुढे दिसणाऱ्या उशिरांचा दोष कंट्रोल टेबलवरच्या माणसाचा नसतो, ड्रॉ काढणाऱ्याचा असतो.

उशीर मोजायचा कसा

प्रत्येक स्लिपवर पहिल्या ब्रेकच्या वेळेतून जाहीर वेळ वजा करा आणि स्लिपा उशिराच्या चढत्या क्रमाने लावा. सरासरी काढू नका. वेळेवर झालेले पन्नास सामने दोन तास रखडलेल्या पाच सामन्यांना झाकून टाकतात. १०८ स्लिपांपैकी ५४वी, म्हणजे मधली, आणि ९७वी, म्हणजे नव्वद टक्क्यांवरची, बघा. ५४व्या स्लिपवरचा उशीर पंधरा मिनिटांच्या आत आणि ९७व्यावरचा पाऊण तासाच्या आत असेल, तर वेळ सांभाळली असं आम्ही म्हणू. ५४वी दहा मिनिटांची आणि ९७वी दीड तासाची असेल तर बहुतेकांचं ठीक गेलं, पण दहा-बारा सामन्यांचा सगळा दिवस खराब झाला. ते सामने कोणाचे होते ते काढा. बऱ्याचदा त्या प्रत्येक सामन्यात दोन इव्हेंट खेळणारा एक तरी खेळाडू सापडतो.

मग कारणं. इथे एक चूक हमखास होते. सगळ्यात जास्त स्लिपांवर ‘टे’ असतं, म्हणून ‘टेबलं कमी पडली’ असा निष्कर्ष निघतो. पण ‘टे’ हे कारण नसून परिणाम आहे. स्लिपा टेबलनिहाय वेगळ्या करा, ‘टे’ लिहिलेल्या स्लिपवरून त्याच टेबलावरच्या आधीच्या सामन्याकडे जा, आणि ‘टे’ नसलेली स्लिप मिळेपर्यंत मागे जात राहा. सगळी मिनिटं त्या मूळ स्लिपच्या नावावर टाका. सकाळी ११ वाजता एका ‘दु’ने खाल्लेली ४० मिनिटं रात्री ८ पर्यंत त्या टेबलावरच्या प्रत्येक सामन्यात फिरत राहिलेली दिसतात.

याच्या शेजारी टेबलांचा वापर ठेवा: पहिल्या ब्रेकपासून शेवटच्या बॉलपर्यंतचा सगळ्या सामन्यांचा वेळ भागिले (टेबलं गुणिले उघडे तास). पुकारा आणि टेबल पुसण्याचा वेळ यात येत नाही, म्हणून इथे ६५ टक्के हाही भरपूर वापर आहे. उशीर जास्त आणि वापरही जास्त असेल तर सामनेच जास्त होते; एक इव्हेंट कमी करा किंवा रेस लहान करा. उशीर जास्त आणि वापर कमी, म्हणजे टेबलं रिकामी असताना लोक ताटकळत होते. हे सांध्याचं दुखणं आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन इव्हेंट खेळणाऱ्यांची नावं ड्रॉमध्ये रंगाने वेगळी करायची, त्यांचे सामने फेरीत सर्वात आधी लावायचे, आणि दोन्हीकडे एकदम पुकारा झाला तर कोणता इव्हेंट आधी हे स्पर्धेआधीच छापून लावायचं.

‘दु’ किती येतील याचा अंदाज एन्ट्रीवरूनही येतो. ८० एन्ट्री म्हणजे ८० माणसं नव्हेत. मोबाईल नंबरवरून माणसं मोजा. ८० एन्ट्रींमागे ७० माणसं असतील तर सांधे सैल आहेत. ४५च असतील तर तीच मंडळी सगळीकडे खेळली. फी जमली, पण स्पर्धा दिसते त्यापेक्षा लहान होती.

वॉकओव्हर कोणत्या फेरीत

पहिल्या फेरीतले वॉकओव्हर बहुधा फी आधी न घेतल्याचे असतात, सोपा उपाय आहे. डबल एलिमिनेशनमध्ये लूझर्स साइडला (एकदा हरलेल्यांच्या बाजूला) रात्री ९ नंतर पडलेले वॉकओव्हर मात्र गंभीरपणे घ्या. विरार, डोंबिवली किंवा पनवेलहून आलेला खेळाडू शेवटच्या लोकलचा हिशोब करूनच बसलेला असतो. सामना साडेअकराला सुरू होणार असं कळलं की तो क्यू केसमध्ये घालतो. रविवारच्या ‘उ’चंही तेच: मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आधीच जाहीर होतं, त्यामुळे त्या मार्गावरच्या खेळाडूंना ब्लॉकची वेळ टाळून स्लॉट देता येतो. न देता त्यांना पंधरा मिनिटांच्या नियमाने बाद केलं असेल, तर तो वॉकओव्हर आयोजकाच्या खात्यात लिहा.

नियमांचे वाद

वाद किती झाले यापेक्षा कशावरून झाले ते बघा. बहु-इव्हेंट स्पर्धेतले बरेच वाद एका खेळाचा नियम दुसऱ्यात नेल्यामुळे होतात. ब्रेकवर मानाचा, म्हणजे रॅक जिंकून देणारा, बॉल पडला तर काय? जागतिक नियमांप्रमाणे नाइन-बॉलमध्ये वैध ब्रेकवर ९ पडला की रॅक जिंकला. टेन-बॉलमध्ये १० पुन्हा स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवतात. एट-बॉलमध्ये ८ पडला तर ब्रेक करणारा तो स्पॉट करून पुढे खेळू शकतो किंवा पुन्हा ब्रेक घेऊ शकतो, आणि आपल्याकडच्या कित्येक पार्लरमध्ये मात्र तो थेट विजय मानतात. नाइन-बॉलमध्ये चुकून पडलेला बॉल चालतो, टेन-बॉलमध्ये बॉल आणि पॉकेट सांगावं लागतं. पुश-आउट (ब्रेकनंतरचा असा शॉट, ज्यात कोणत्याही बॉलला लागायची सक्ती नसते) नाइन आणि टेनमध्ये आहे, एटमध्ये नाही.

मुंबईत आणखी एक भर पडते. हे विल्सन जोन्स आणि मायकल फरेरांचं शहर. जिमखान्यांतली परंपरा बिलियर्ड्स-स्नूकरची. रेफरी तिथूनच आलेले असतील तर पांढरा क्यू बॉल पॉकेटमध्ये गेला की तो ‘डी’मध्ये, म्हणजे टेबलावरच्या अर्धवर्तुळात, ठेवण्याची सवय हाताला असते. पूलमध्ये फाऊलनंतर तो सहसा टेबलावर कुठेही ठेवता येतो. तीन खेळांचे फरक एका पानावर छापून प्रत्येक टेबलाजवळ लावले होते का, हे विचारा. लावले नव्हते आणि ‘वा’ पाच-सहापेक्षा जास्त आले, तर कारण शोधत बसायची गरज नाही.

टेबलं सारखी होती का

एकाच इव्हेंटसाठी टेबलनिहाय रॅकचा सरासरी वेळ काढा: सामन्याची मिनिटं भागिले दोघांच्या स्कोअरची बेरीज. पाच टेबलांवर साडेसहा-सात मिनिटं आणि एका टेबलावर नऊ येत असतील, तर ते टेबल वेगळं खेळत होतं. खेळाडू धिमे असतील ही शंका आठ-दहा सामन्यांनंतर उरत नाही. टेप घेऊन पॉकेटचं तोंड मोजा. प्रमाणित नऊ फुटी टेबलाचं खेळण्याचं क्षेत्र १०० बाय ५० इंच, कोपऱ्याचं पॉकेट ४.५ ते ४.६२५ इंच, मधलं ५ ते ५.१२५ इंच. बॉल २.२५ इंचांचा. प्रकाश टेबलावर सगळीकडे किमान ५२० लक्स हवा. खिडकीशेजारचं टेबल दुपारी चालतं आणि संध्याकाळी काळवंडतं, ते लक्स मीटरशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात क्लॉथ ओल धरतो, बॉल जड चालतो, कुशनचा (टेबलाच्या कडेच्या रबराचा) उसळा बदलतो. एसी फक्त खेळाच्या वेळेत लावला तर सकाळचे पहिले दोन सामने ओल्या कापडावर आणि दुपारचे कोरड्यावर होतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या सामन्याच्या किमान दोन तास आधी एसी सुरू हवा. बॉल रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत पुसले का, तेही बघा. चॉक बसलेले बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात आणि शॉट भरकटतो.

सामने रंगले का

हिल-हिल, म्हणजे शेवटच्या रॅकपर्यंत गेलेले सामने मोजा. सोबत ७-० आणि ७-१ मोजा. पहिल्या फेरीत एकतर्फी सामन्यांचा सुकाळ असेल आणि पुढे सगळं चुरशीचं, तर सीडिंग (तगड्या खेळाडूंना ड्रॉमध्ये दूर ठेवणं) ठीक होतं, पण नवख्यांना हँडिकॅप (आधीच दिलेली आघाडी) हवा होता. हँडिकॅप दिला होता तर तो घेतलेल्यांनी किती सामने जिंकले ते पाहा. निम्म्याच्या आसपास असेल तर बरोबर बसला. तीनपैकी दोन जिंकत असतील तर खैरात झाली.

महिला गटाबाबत घाईने निकाल देऊ नका. सहाच एन्ट्री आल्या म्हणून ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिण्याआधी त्या गटाच्या स्लिपा वेगळ्या काढा. सामने कोपऱ्यातल्या टेबलावर, रात्री १० नंतर, पुरुषांचं संपल्यावर लावले असतील तर तो आकडा महिलांच्या आवडीबद्दल काहीच सांगत नाही.

पैसे

एन्ट्री फी वजा बक्षीस एवढ्याने भागत नाही. ८० एन्ट्री, प्रत्येकी ८०० रुपये धरले तर ६४,००० जमा. टेबलाचं भाडं ताशी ३०० असेल, तर खेळात गेलेले १४६ तास क्लबला ४३,८०० रुपयांचे पडले. रेफरी, बॉलचा नवा सेट, जेवण, ट्रॉफी त्यावर. उरलेल्यात बक्षीस बसत नसेल तर स्पर्धा प्रायोजकाच्या किंवा मालकाच्या खिशावर चालली. वाईट नाही, पण ते माहीत हवं. बक्षीस जाहीर केलं तेवढंच, त्याच दिवशी दिलं का? एन्ट्री कमी आल्या म्हणून ऐन वेळी रक्कम घटवली असेल, तर बाकी सगळं उत्तम होऊनही आमच्या मते स्पर्धा फसली. ही गोष्ट खेळाडू विसरत नाहीत.

हरलेले परत आले का

मत विचारायचं तर खेळाडू स्लिप देऊन निघतानाच विचारा, नंतर ग्रुपवर फक्त अंगठे येतात. दोनच प्रश्न: सामना सांगितलेल्या वेळी सुरू झाला का, आणि पुढच्या वेळी किती इव्हेंट खेळाल. दोन खेळलेला ‘एकच’ म्हणत असेल तर सांधा त्याला बोचला आहे.

खरी परीक्षा पुढच्या ड्रॉमध्ये होते. विजेते आणि सेमीफायनलिस्ट येतातच, त्यांना मोजू नका. पहिल्याच फेरीत बाद झालेल्यांची आणि डबल एलिमिनेशनमध्ये दोन्ही सामने हरलेल्यांची यादी काढून ठेवा आणि पुढच्या स्पर्धेच्या एन्ट्रीशी ताडून पाहा. यादीचे दोन भाग करा: ज्यांचा सामना वेळेवर सुरू झाला ते एकीकडे, ज्यांना तासापेक्षा जास्त थांबावं लागलं ते दुसरीकडे. पहिल्या भागातले परतले आणि दुसऱ्यातले नाही, तर पुढच्या ड्रॉमध्ये कोणता इव्हेंट वेगळ्या आठवड्यात न्यायचा, ते त्या दुसऱ्या भागाच्या ‘दु’ स्लिपांवर लिहिलेलं असतं.