मांजर कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतंय? आधी ओला डबा सांभाळा

इंदूरमधे रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या, २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपला पहिला नंबर यायला लागला, सगळं मस्त, पण घरात मांजर असणाऱ्यांची त्यात एक पंचाईत झालीय बरं का. रात्रीचं खरकटं आता सकाळची गाडी येईपर्यंत घरातच बसतं आणि तेही नीट निवडून, ओलं वेगळं सुकं वेगळं, म्हणजे मांजरीला शोधायचेसुद्धा कष्ट नाहीत. त्यातल्या त्यात बरं एवढंच की सुक्या डब्यात तिला फारसा इंटरेस्ट नसतो, तेव्हा मुख्य बंदोबस्त करायचा तो ओल्या डब्याचा.

ते झुलत्या झाकणाचे प्लास्टिकचे डबे मिळतात ना, ते मांजरवाल्या घरात आणूच नका. आमची मनी कशी करते सांगते, आधी डब्याला अंग घासत एक चक्कर मारणार, मग एका पंजाने झाकण आत ढकलणार, डोकं घालून बघणार, आणि हाताला काही लागलं नाही की मागच्या पायांवर उभी राहून पुढचा सगळा भार कडेवर टाकणार की डबा आडवा. हलका डबा असेल तर हे एवढ्यात होतं की तुम्ही सिरियलचा आवाज कमी करेपर्यंत चहाची पत्ती फरशीभर. म्हणून डबा जड पाहिजे आणि झाकण पक्कं पाहिजे. पायाने उघडायचा स्टीलचा डबा चालतो पण त्याच्या तळाशी, आतल्या बादलीखाली, एखादी वीट ठेवा. पैसे घालवायचे नसतील तर घरातला जुना कडीचा डबा काढा, पिठाचा असतो तो, झाकण घट्ट बसतं आणि कडी लावली की मांजराच्या बापालाही उघडत नाही. रोज रिकामा करून धुवायचा मात्र, नाहीतर बंद डब्यात वास कोंडतो.

सिंकखाली कपाट असेल तर डबा तिथेच ठेवा, पण नुसतं दार लावून भागत नाही, मांजर दाराच्या कोपऱ्यात नख अडकवून ओढतं. लहान मुलांसाठी चिकटवायचं लॉक मिळतं ते लावा.

आता खरी भानगड, मासे आणि चिकन. काटे-हाडं ओल्या डब्यात टाकून वर कितीही झाकणं लावा, मनी रात्रभर तिथेच बसून राहणार. सोपा उपाय म्हणजे एक जुना टिफिनचा डबा ह्याच कामाला ठेवायचा, हाडं त्यात भरून डबा फ्रीजरमधे आणि सकाळी गाडी आली की ओल्यात ओतायची. गार हाडांचा वास सुटत नाही. (सासूबाईंचं सोवळं असेल तर फ्रीजरचं नावही काढू नका, कडीचा डबा आणि बंद गॅलरी बघा.) हे सगळं फक्त पसाऱ्यासाठी नाही करायचं. शिजवलेली हाडं चावताना चिरफळतात आणि त्याची टोकं घशात, आतड्यात लागतात. दोरा, सुतळी त्याहून वाईट, गिळली गेली तर आतडं त्यावर गोळा होतं आणि ऑपरेशनवर जातं, म्हणून दोरा मागून बाहेर लोंबताना दिसला तर ओढू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. कांदा-लसणाने मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात, आणि आपल्याकडे तर लसूण शेवेची रिकामी पाकिटंसुद्धा चाटण्यासारखी असतात, तेव्हा सुका डबाही अगदीच उघडा नको. दुधाच्या पिशव्या धुवूनच टाका, तसंही धुवायच्याच असतात.

आणि भिया, डब्यावर फिनाईल नका शिंपडू. घरोघरी हा सल्ला मिळतो, पण फिनाईल, डेटॉलसारख्या गोष्टींमधले फिनॉल मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, ती ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते, झालं विष पोटात. डांबरगोळ्या तर अजिबातच नकोत. मिरचीपूडही नको, डोळ्यात गेली की बिचारी कळवळते. संत्र्या-लिंबाच्या वासाने बऱ्याच मांजरी लांब राहतात, सालं वर पसरून बघा, पण सालं वाळली की वासही गेला, त्याच्या भरवशावर झोपू नका.

एवढं करूनही ती डब्याभोवती घिरट्या घालून राहिली असेल तर तिच्या पोटाकडे बघा. एकदाच भरपूर घालण्यापेक्षा तेवढंच दोन-तीन वेळात द्या, शेवटचं रात्री झोपायच्या आधी, आणि त्याच्या आधी थोडं दोरी-काडीने खेळवून दमवा, खेळ झाला की दोरी कपाटात. वेळेवर खाऊनही सारखी भुकेली, वजन उतरतंय, तर जंत असू शकतात. म्हातारी मांजर असेल आणि पाणीही जास्त पीत असेल तर शुगर किंवा थायरॉईड, रक्त तपासून घ्या.

डब्यात तोंड घालताना सापडली म्हणून मारायचं नाही, पाणीही उडवायचं नाही. ती डब्याला भीत नाही, तुम्हाला भिते, आणि मग तेच काम रात्री तीन वाजता करते. गपचूप उचलून लांब ठेवा, डबा बंद करा. चार दिवस काही मिळालं नाही की नाद कमी होतो, पण मधे एकदा झाकण उघडं राहिलं की शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं पटलं, परत सोकावते. म्हणून घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांना आणि भांडीवाल्या मावशींना कडी कशी लावायची ते एकदा हाताने करून दाखवा, आणि सकाळी गाडी निघून गेली असेल तर तो भरलेला डबा दाराबाहेर नका ठेवू, बाहेरचे बोके आहेतच, आत घेऊन कडी लावून दुसऱ्या दिवसाची वाट बघा.