डेटाबेसमधील मजकुराच्या स्तंभात सर्वाधिक वेळा येणारे शब्द कसे शोधावेत

समजा, 'तक्रारी' या टेबलात 'तपशील' नावाचा स्तंभ आहे, त्यात नागरिकांनी मराठीत लिहिलेल्या हजारो नोंदी आहेत आणि त्यांत कोणते शब्द सर्वाधिक वेळा येतात हे पाहायचे आहे. पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) या डेटाबेस प्रणालीत ही मोजणी एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एकाच आदेशात, होते. वेळ जातो तो शब्द कशाला म्हणायचे हे ठरवण्यात.

प्रथम मजकूर एकसारखा करून घ्यावा. 'दुसऱ्या'मधील 'ऱ्या' कोणी नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, 'ऱ'ने टंकतो, तर कोणी 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. १३व्या आवृत्तीपासून मिळणारे 'नॉर्मलाइझ' फंक्शन एकसंध 'ऱ' आणि 'र'ला वेगळा नुक्ता जोडून केलेला 'ऱ' यांना एक करते. जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून तेथे 'रिप्लेस' फंक्शनने एक रूप बदलून दुसरे करावे.

त्यानंतर 'रेगएक्सपी_स्प्लिट_टू_टेबल' या फंक्शनने मजकूर फोडावा, म्हणजे प्रत्येक शब्दाची स्वतंत्र ओळ तयार होते. येथे 'शब्दाबाहेरचे अक्षर' हा तयार संकेत टाळावा, कारण काही प्रणाली काना-मात्रांना अक्षर मानत नाहीत आणि शब्दाचे तुकडे पडतात. मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस आणि अवतरणचिन्हे यांची यादी स्वतः देणे अधिक भरवशाचे. फोडताना निघणाऱ्या रिकाम्या ओळी गाळाव्यात.

आता सारख्या ओळी एकत्र करणारे 'ग्रुप बाय' शब्दावर लावून 'काउंट'ने मोजावे आणि उतरत्या क्रमाने पहिले ५० शब्द घ्यावेत. एकाच वैतागलेल्या माणसाने 'पाणी' वीस वेळा लिहिले असेल तर आकडा फुगतो, त्यामुळे शब्द किती वेगळ्या नोंदींत आला हेही 'काउंट डिस्टिंक्ट'ने शेजारी काढावे. माझ्या मते हाच आकडा अधिक बोलका असतो.

पहिल्या यादीत 'आहे', 'आणि', 'नाही' यांचीच गर्दी दिसेल. असे शब्द एका छोट्या टेबलात ठेवून वगळावेत, परंतु तक्रारींत 'नाही' हाच मुद्दा असू शकतो, तेव्हा तो सरसकट काढू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने 'पाणी', 'पाण्याचा', 'पाण्यामुळे' वेगवेगळे मोजले जातात. मराठीचे मूळरूप काढणारी सोय पोस्टग्रेसोबत येत नाही. म्हणून वरच्या दोनशे रूपांसमोर हाताने मूळ शब्द लिहिलेले टेबल करून ते शब्दांच्या यादीशी 'जॉइन' करावे, म्हणजे जोडावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका दुपारी उरकते.

टेबल फार मोठे असल्यास 'टेबलसॅम्पल बर्नुली'ने एक टक्का ओळी घेऊन आधी क्वेरी तपासावी.